बुजवलेली विहीर

उमाच्या आयुष्यात शंका घ्यायला जागा भरपूर होत्या. केटररचं वेळापत्रक, महापालिकेचा नळ, बारावीतल्या लेकीचा, मृण्मयीचा अभ्यास, कशाकशाचा म्हणून भरवसा नव्हता. एका गोष्टीवर मात्र ती डोळे मिटून टेकायची, आणि ती म्हणजे बाबांचा शब्द. वैजनाथराव उपाध्ये ‘झालं’ म्हणाले की झालं. सगळी हयात सरकारी कचेरीत गेली, पण कचेरीत दुसऱ्याच्या पैशाचा चहासुद्धा घेतला नाही, अशी त्यांची ख्याती होती. नातेवाइकांत जमिनीवरून भांडणं झाली, तरी शेवटी सगळे यांच्याच ओसरीवर येऊन बसायचे. हे म्हणतील ते खरं, एवढ्यावर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायचं.

मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मंगल कार्यालय होतं. पूर्वी तिथं उपाध्यांचं शेत होतं. शहर वाढत वाढत बांधाला येऊन टेकलं तेव्हा वैजनाथरावांनी शेतावर कार्यालय उभं केलं, आणि आता ते उमा चालवत होती. हॉल झकास होता, पण मागचं पंगतीचं अंगण म्हणजे लाज होती. काँक्रीटला जागोजाग तडे गेलेले, मधे खोलगट भाग झालेला, त्यात हात धुतल्याचं पाणी साचायचं. गेल्या हंगामात एका नवरीच्या मावशीची टाच भेगेत अडकली आणि मावशी पैठणीसकट मठ्ठ्याच्या पिंपावर जाऊन आदळल्या. त्या दिवशीच उमानं ठरवलं, जुनं सगळं फोडायचं आणि नवं घालायचं.

बाबांना ते मुळीच पसंत नव्हतं. “वरून एक थर द्या की. फोडायचं कशाला?” हे त्यांनी एकदा नाही, जेवताना, झोपताना, पूजा करताना, मिळेल तिथं म्हणून पाहिलं. म्हातारपणी माणसाला बदल सोसत नाही, असा उमानं अर्थ लावला आणि करुणाला फोन केला.

उमाच्या मोबाईलमध्ये तिचं नाव ‘करुणा काँक्रीट’ असंच होतं. कारखान्यांच्या, गोदामांच्या जुन्या जमिनी फोडून नव्या घालायच्या, हे करुणाचं आणि तिच्या नवऱ्याचं, संघपालचं काम. कंप्रेसर करुणाच्या ताब्यात, काँक्रीट फोडायचा ब्रेकर संघपालच्या हातात, आणि हाताखाली सांडू नावाचा गडी धरून चार-पाच माणसं. बाई बोलायला रोखठोक. काम बघायला आली तेव्हा थराची गोष्ट तिनं एका वाक्यात उडवली होती. “तडकलेल्यावर थर दिला तर थरबी तडकतोय, मॅडम.”

करुणाची एक रीत होती. मशीन सुरू करायच्या आधी ती त्या जागेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाठायची आणि विचारायची, खाली काय आहे? नकाशावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा नकाशात नसलेल्या टाकीत तिचा एक गडी कंबरेपर्यंत गेला होता, तेव्हापासून ती म्हाताऱ्यांनाच विचारत आली होती.

त्या सकाळीही कंप्रेसरची गाडी फाटकातून आत आली, तशी करुणा आधी ओसरीवर गेली. वैजनाथराव खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

“आबा, ह्या अंगणाखाली काय हाय? टाकी, हौद, इहीर?”

वैजनाथरावांनी पेपर खाली घेतला. “विहीर होती,” ते म्हणाले. “बुजवली. कार्यालय बांधलं तेव्हाच.”

“कशानं बुजवली?”

“दगड, मुरूम. पक्की बुजवली.”

“नक्की ना, आबा? माझा माणूस उभा राहणार हाय वर.”

उमाला त्या ‘नक्की ना’चा रागच आला. आपल्या बापाला आजवर कुणी ‘नक्की ना’ विचारलं नव्हतं. “करुणाताई, बाबांनी सांगितलं म्हणजे झालं,” ती म्हणाली. “मी सांगते ना. खुशाल सुरू करा.”

करुणानं संघपालला हातानं खूण केली आणि काम सुरू झालं.

सकाळभर ब्रेकरनं कानाचे पडदे हलवले. काँक्रीटचे तुकडे निघत होते, गडी ते घमेल्यांत भरून ट्रॉलीत टाकत होते, धूळ ओसरीपर्यंत येत होती. वैजनाथराव मात्र खुर्चीतून हलले नाहीत. धुळीनं खोकत होते, पण आत जा म्हटलं तर मान हलवत होते. बाबांना आपल्या कामाची काळजी आहे, असं वाटून उमाला भरून आलं. रविवारी लग्न होतं ते आत हॉलमध्येच निभणार होतं, पण त्यांच्या मांडववाल्याला वेगळीच घाई. उमा त्याच्याशी फोनवर बोलत अंगणाच्या कडेला उभी होती. “हो हो, झेंडूच लावा,” असं ती म्हणत असतानाच ब्रेकरचा आवाज बदलला.

आधी तो भरीव होता, आता ढोलातून यावा तसा यायला लागला. उमाला त्यातलं काही कळलं नाही. करुणाला कळलं. “संघपाल! थांब! मागं हो!” ती किंचाळली.

संघपालनं मान वर केली. त्याच्या पायाखालची जमीन मधोमध वाकली, मोठा कडाड आवाज झाला, आणि माणूस नाहीसा झाला.

अंगणात भलंमोठं काळं भगदाड होतं आणि त्याच्या काठावर हवेचा पाईप आत ओढला जाऊन थरथरत होता. कंप्रेसर आपला धडधडतच होता. उमाच्या कानाशी मांडववाला अजून झेंडूचा भाव सांगत होता. तिला हलता येईना, ओरडता येईना. समोर जे झालं ते झालंच नाही, असं तिचं डोकं तिला सांगत होतं. मग खालून, फार खालून, पाण्यात धोंडे पडल्याचे आवाज आले.

पाण्यात! बुजवलेल्या विहिरीत पाणी कुठून आलं?

“कंप्रेसर बंद!” करुणा ओरडली आणि काठाशी पोटावर झोपली. सांडूनं तिचे पाय धरून ठेवले. “संघपाल! अरे, आवाज दे!”

काही नाही. करुणानं पुन्हा हाक मारली, तेव्हा तिचा आवाज फाटला. आणि मग खालून खोकल्याची एक उबळ आली. ती उबळ ऐकून उमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“हाय... हाय मी. लाकडाला धरलंय.”

“पाय हलतेत का?”

“एक हलतोय.”

“मंडपाचा दोर आणा!” उमाला वाचा फुटली. ती कोठारात धावली, दोराचं वेटोळं छातीशी धरून परत आली. सांडू आणि दुसरे दोघं “पकड रे, पकड, ढील मत देना!” करत कामाला लागले. करुणानं दोराला फास केला, खाली सोडला आणि काखेतून कसा घालायचा ते एकेक करून सांगितलं. चौघांनी ओढायला घेतलं, उमाही त्यांत पाचवी होती. हाताची सालटी निघाली ते तिला नंतर कळलं.

संघपाल वर आला. ओलाचिंब, कपाळ फुटलेलं, डावा घोटा भलतीकडे वळलेला. पण जिवंत. करुणानं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. सांडू रिक्षा आणायला रस्त्यावर पळाला.

तेव्हा उमानं पहिल्यांदा भगदाडात नीट पाहिलं. आत दगडांनी बांधलेली, गोल, सुंदर विहीर होती. चिरे जसेच्या तसे. काठाला पायऱ्या, पायरीशी एक कोनाडा, कोनाड्यात दगडाला हळदीकुंकू लावल्याचे थर. मुरूम नाही, दगड नाही, मूठभर मातीसुद्धा नाही. तोंडावर सागवानी तुळया टाकून, वर शिळा अंथरून, त्यावर काँक्रीट ओतलेलं. तुळया ओलीनं कुजून भुसा झाल्या होत्या.

या शिळांवर हजारोंच्या पंगती उठल्या होत्या. तिच्या स्वतःच्या लग्नात व्याही मंडळी इथंच बसली होती. मृण्मयीच्या वाढदिवसाला पोरांनी इथं संगीत खुर्ची खेळून धुडगूस घातला होता, आणि बाबा ओसरीवरून टाळ्या वाजवत होते.

ती करुणाकडे वळली. तिला काहीतरी बोलणं भाग होतं. “ताई, बाबांचं वय झालंय. त्यांना आठवत नसेल. मिस्त्रीनंच फसवलं असेल त्यांना. बाबा मुद्दाम असं...”

“मला आठवतंय,” मागून आवाज आला.

वैजनाथराव ओसरीच्या पायरीवर उभे होते. आवाज नेहमीसारखाच, स्वच्छ आणि ठाम.

“मिस्त्रीचा दोष नाही. मीच तुळया टाकायला लावल्या. पाण्यानं भरलेली विहीर बुजवणं हे महापाप आहे. माझ्या वडिलांनी मरताना माझ्याकडून वचन घेतलं होतं, विहीर बुजवायची नाही. उघडी ठेवली तर कार्यालय होत नव्हतं. मग झाकली. भिंतीशी तो पत्र्याच्या टोपीचा पाईप आहे ना, तो तिच्याच श्वासाला ठेवलाय. दर वसुबारसेला मी तिथं फूल वाहतो.”

“आणि सगळ्यांना बुजवली म्हणून सांगितलंत,” उमा म्हणाली.

“लोक घाबरले असते.”

“आज सकाळी का नाही सांगितलंत, बाबा? त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. माझ्यासमोर विचारलं होतं!”

वैजनाथरावांनी तिच्याकडे पाहिलं, ती लहानपणी गणित चुकली की बघायचे तसं. “सांगितलं असतं तर तू ती बुजवली असतीस.”

“आणि हा माणूस?”

“शिळा चांगल्या होत्या. धरतील असं वाटलं.”

वाटलं! उमाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. म्हणजे सकाळपासून बाबा धुळीत बसले होते ते काळजीनं नव्हे. ते शिळा धरतात की नाही, हे बघत बसले होते. सगळ्या गावाला खऱ्याखोट्याचा निवाडा देणारा हा माणूस.

वैजनाथराव पायऱ्या उतरून खाली आले. संघपालला कुणीतरी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं आणि करुणा आपल्या ओढणीनं त्याच्या कपाळाचं रक्त टिपत होती. आता तरी बाबा हात जोडतील, निदान लागलं का म्हणून विचारतील, म्हणून उमा श्वास रोखून उभी राहिली. वैजनाथरावांनी एकदा विहिरीकडे पाहिलं, एकदा त्या ओल्या माणसाकडे.

“आडनाव काय तुमचं?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात हे कुणाला समजावून सांगायला नको. भोवतालच्या गड्यांची कुजबूज थांबली. शरमेनं उमाला त्याच भगदाडात उडी टाकावीशी वाटली.

संघपालचे दात थंडीनं वाजत होते. “दाभाडे,” तो म्हणाला. “मुकुंदवाडीचे. आन तुमचं पाणी लई गोडं हाय, आबा. पडता पडता पोटभर प्यालोय.”

वैजनाथरावांचा हात आपोआप गळ्याशी, जानव्यापाशी गेला.

उमाला त्या हाताकडे बघवेना. “बुजवा!” ती ओरडली. आपण एवढ्या मोठ्यांदा ओरडू शकतो हे तिलाच माहीत नव्हतं. “हा सगळा राडारोडा हिच्यातच ढकला. आज, आत्ता! एक तुकडा बाहेर जाता कामा नये!”

गडी करुणाकडे बघायला लागले. करुणानं ओढणीची घडी केली, ती नवऱ्याच्या कपाळावर दाबली आणि त्याचा हात उचलून त्या घडीवर ठेवला. मग ती उठली.

“मी नाय बुजवणार, मॅडम.”

“का?”

“आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळ येत नाय. टँकरमागं घागरी घेऊन पळतो आम्ही. एवढं पाणी दगडाखाली घालायचं म्हणता? इहिरीनं काय केलंय तुमचं? कठडा बांधून देते, जाळी टाकून देते. बुजवायचीच आसंल तर दुसरं कुणी बघा.”

वैजनाथरावांचा चेहरा एकदम उजळला. “बघ उमा. ह्यांनासुद्धा कळतं.”

“आबा,” करुणा त्यांच्याकडे वळली, “तुम्ही गप बसा. तुमच्यासाठी बोलले नाय मी.”

असं वैजनाथरावांना आजवर कुणी बोललं नव्हतं. ते दोन पावलं मागे सरले. फाटकात रिक्षा येऊन थांबली, सांडू आणि दुसऱ्या गड्यानं संघपालला उचललं. रिक्षापाशी पोचल्यावर करुणा थबकली. उरलेल्या अंगणात तिची माणसं उभी होती, आणि निम्म्याहून जास्त जमीन अजून फोडायची होती.

“काम थांबवू नका,” वैजनाथराव म्हणाले. त्यांनी आवाज सावरला होता, मानही पुन्हा ताठ केली होती. “बाकी सगळं पक्कं आहे. विहीर ही एवढीच. खुशाल मशीन चालवा, माझा शब्द आहे.”

गड्यांनी उमाकडे पाहिलं. करुणानंही पाहिलं. बाबांनी पाहिलं तेव्हा त्यांच्या नजरेत काळजीचा लवलेश नव्हता. आपली लेक काय म्हणणार याची त्यांना जन्मभराची खात्री होती.

बाकीचं अंगण पक्कं असेलही, बाबा खरं बोलत असतीलही, पण ते आता उमाला कसं कळणार?

“कुणीही वर पाय ठेवायचा नाही,” ती म्हणाली. “आधी सगळं ठोकून, तपासून घ्या. बाबांच्या शब्दावर काहीही करू नका.”

वैजनाथराव तिच्याकडे बघत राहिले. मग वळून, भिंतीचा आधार घेत, आत गेले. रिक्षा निघून गेली. गडी पहारी घेऊन अंगणाच्या कडेकडेनं ठोकायला लागले. उमा तिथंच उभी राहून प्रत्येक ठोका ऐकत होती. आई गेली त्या दिवशीही तिला इतकं पोरकं वाटलं नव्हतं.