शिफ्राकाकूंचं ताट

दिग्रसमध्ये ज्यूंचं घर एकच, आणि त्या घरात माणूसही एकच: शिफ्राकाकू झिराडकर. नवरा अरुणावती धरणाच्या कामावर आला तेव्हा त्याच्यामागोमाग त्या आल्या. नवरा गेल्यावर ठाण्याचे नातेवाईक बोलावून थकले, पण काकू काही हलल्या नाहीत. शेजारच्या मंजुषाला या बाईचं भारी कौतुक. एकटीनं दिवाळी करून दाखवावी कुणी! काकू मात्र आपले सगळे सण एकटीनं, साग्रसंगीत करायच्या.

होळीच्या सुमारास पुरीम यायचा. "आमची आजी याला होळीचा सणच म्हणायची," असं काकू सांगत. आदल्या दिवशी कडक उपास, मग वडिलांच्या मराठी पोथीतून एस्तेर राणीची कथा. ऐकायला मंजुषा हवीच. ज्यूंच्या जिवावर उठलेल्या हामान प्रधानाचं नाव आलं की तिनं तुरीचे दाणे भरलेला स्टीलचा डबा जोरजोरात वाजवायचा, म्हणजे ते नाव ऐकूच येऊ नये. शाळेत पोरांना "गप्प बसा" म्हणून घसा बसवणारी ही बाई इथं मनसोक्त गोंगाट करून घ्यायची.

यंदा मात्र तिचा हात चालेना. तिच्या सासऱ्यांनी, बापूजींनी अंथरूण धरलं होतं. लग्नानंतर तिला बी.एड.ला घालणारा, कॉलेजच्या फाटकाशी सायकल धरून उभा राहणारा माणूस. ते असायचे थोरल्या जावेकडे, विमलताईकडे, दोन गल्ल्या पलीकडे, आणि तिथंच घोडं अडलं होतं. पुतणीच्या लग्नात विमलताई चारचौघांत म्हणाली होती, "नोकरीवालीले घरचं काम कायले दिसन?" मंजुषाही काही कमी नव्हती. बोलावल्याशिवाय तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, असं सांगून आली होती. नवरा नंदकिशोर रोज जाऊन यायचा. बोलावणं काही येत नव्हतं आणि बापूजी दिवसेंदिवस खंगत चालले होते.

काकू वाचत होत्या. राजानं बोलावल्याशिवाय जो त्याच्यासमोर जाईल त्याला मरण, असा कायदा. तरी आपल्या माणसांसाठी एस्तेर गेली.

"न बोलावता?" मंजुषानं विचारलं. कथा दरवर्षी ऐकलेली, पण प्रश्न यंदाचाच होता.

"न बोलावता. आणि गंमत सांगते, या अख्ख्या पोथीत देवाचं नाव एकदाही नाही. तो असतो, पण लपून. माणसांच्या आडून कामं करतो. म्हणून तर आमच्याकडे या दिवशी पोरं मुखवटे घालतात."

वाचन संपलं. गरजूंना द्यायचं काकूंनी सकाळीच बसस्टँडवर उरकलं होतं. आज जो हात पुढं करील त्याला द्यायचं, तू कोण, कशाला हवं असं विचारायचं नाही, ही त्यांची रीत मंजुषाला फार आवडायची. आता करंज्या आणि संत्री ठेवलेलं ताट रुमालानं झाकून काकूंनी तिच्या हातात दिलं.

"हे विमलकडे पोचव."

मंजुषाचा चेहरा उतरला. "मी? काकू, तुम्हीच द्या ना. ऑटो बोलावते."

"स्वतः नाही गं नेत. दुसऱ्याच्या हातानं पाठवायचं असतं. दरवर्षी कामवाली नेते, यंदा तू ने."

सणाच्या दिवशी काकूंना नाही म्हणणार कोण? मंजुषा निघाली. दोनच गल्ल्या, पण ती रेंगाळत चालली. विमलताईनं दारातूनच परत पाठवलं तर? बापूजी आतून ऐकतील तर? शेवटी तिनं कडी वाजवली.

विमलताईनं दार उघडलं. तिचे हात पिठानं भरले होते.

"काकूंनी पाठवलं," मंजुषा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "देऊन जातो मी."

विमलताईनं ताट घेतलं, पण रुमाल काही उचलला नाही. ताटाकडं पाहतच ती म्हणाली, "मले मालूम हाय. मीच सांगतलं होतं काकूले, यंदा ताट मंजूच्या हातानं धाडा म्हणून. तुले बोलवाची मले हिंमतच होत नोती."

मंजुषाला हुंदका आवरेना. इतके महिने आपण एकटीच वाट पाहतोय, असं तिला वाटत होतं.

आतून बापूजींचा क्षीण आवाज आला, "कोण आलं वं, सूनबाई?"

विमलताईनं पिठाच्या हातानं तिचं मनगट धरलं आणि तिला आत ओढलं.

"दुसरी सूनबाई, बापूजी."