मला तलवार म्हणू नका

मित्रांनो, मी मांस भाजायची एक जुनी सळई आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण या खाणावळीत येणारा प्रत्येक खेचरवाला मला तलवारीचा मान देतो. कुणी हात जोडतो, कुणी माझं टोक अंगठ्याने चाचपून पाहतो आणि ‘बाप रे’ म्हणतो. माझ्या अंगाला बोकडाच्या चरबीचा वास येतो. तलवारीला तो कधी येतो का? पण माणसाला एकदा गोष्ट आवडली की नाकसुद्धा काम करेनासं होतं.

स्पार्टाकसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तो गुलाम होता. कापुआ शहरातल्या एका आखाड्यात त्याला लोकांच्या करमणुकीसाठी लढायला शिकवत होते. तिथून तो साथीदारांसह पळाला, गुलामांची फौज उभी केली आणि रोमच्या सेनापतींना पळता भुई थोडी केली. मी त्याच आखाड्याच्या स्वयंपाकघरातली. कापुआच्या एका लोहाराने मला नांगराच्या मोडक्या फाळापासून घडवलं. आखाड्यात लढणाऱ्यांच्या ताटात जवाची पेज आणि घेवडा. भाजलेलं मांस फक्त मालकाच्या पाहुण्यांना. त्यामुळे माझी आणि त्या लढणाऱ्यांची ओळख वासापुरतीच होती.

तिथे आम्मिया नावाची एक स्वयंपाकीण होती. तीही गुलामच. तिच्या हाताखाली मी काळी कधी राहिले नाही. रोज राखेने घासायची, तेलाचं बोट फिरवायची. पुढे आखाडा फुटला, लढाया झाल्या, आणि शेवटी गुलाम हरले. तेव्हा जिंकलेल्या सैन्याने मिळालेला माल व्यापाऱ्यांना विकून टाकला. त्यातल्या एका ढिगात मोठे हंडे होते, मी होते आणि आम्मिया होती. त्या काळी आम्हा भांड्यांत आणि गुलामांत एवढाच फरक होता, की ते बोलायचे. म्हणून एकाच बोलीत आम्ही सगळेच विकले गेलो.

आम्हाला घेतलं पाक्युसने. कापुआहून रोमला जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला त्याची खाणावळ होती. माणूस तसा वाईट नव्हता. हात मारायला उचलायचा, पण निम्म्या वेळा खाली घ्यायचा. त्याचा एकच रोग म्हणजे बढाई. ‘हा माल बंडखोरांच्या तळावरचा आहे’ असं व्यापारी बोलून गेला होता. पाक्युसने तेवढ्यावर इमारत उभी केली. ही सळई स्पार्टाकसच्या हातातली, हिने त्याने आखाड्याचे पन्नास रखवालदार भोसकले, तो ताडासारखा उंच होता, एका बैठकीत आख्खा बोकड संपवायचा. बोकडापर्यंत आला की पाक्युस हळूच विचारायचा, ‘तुम्हाला किती वाढू?’

आम्मियाला मात्र कुणी काही विचारलं नाही. विचारल्याशिवाय बोलायची गुलामांत चाल नव्हती. ती चुलीपाशी बसून ऐकायची आणि मला फिरवत राहायची. अशी वर्षं गेली, तिचे केस पिकले, मी मधोमध जराशी वाकले.

मग खाणावळीत बिथुस आला. थ्रेसचा, स्पार्टाकसच्याच मुलखातला. खांद्याने रुंद, बोलायला कमी, खेचरांचं सगळं करायचा. पाक्युसच्या गोष्टीला बाकीचे हसायचे, हा हसत नसे. त्याच्या मानेच्या नसा ताठ व्हायच्या. त्यात एक दिवस जडीबुटी विकणारा एक भटक्या जेवायला आला. त्याने सांगितलं, की स्पार्टाकस मेलेलाच नाही. त्याचं प्रेत कधी सापडलं का? नाही ना? तो दक्षिणेला लुकानियाच्या डोंगरात आहे, पुन्हा फौज जमवतो आहे, पळून येणाऱ्या गुलामाला मिठी मारून आत घेतो आहे.

प्रेत सापडलं नव्हतं हे खरं होतं. खोट्याला खऱ्याचा एवढासा टेकू पुरतो.

त्या दिवसापासून बिथुसच्या जेवणातली अर्धी भाकर नाहीशी व्हायला लागली. आम्मियाच्या ते लक्षात आलं. वाढणाऱ्या बाईच्या नजरेतून भाकर सुटत नाही. तबेल्यातल्या पेंढ्यात तिला भाकरींचं गाठोडं सापडलं, शेजारी चिंध्यांनी बांधलेले जोडे. तिने गाठोडं तसंच ठेवलं. पण त्या संध्याकाळी तिने मला दोनदा घासलं. पळालेला गुलाम सापडला तर त्याच्या कपाळावर डाग देत, किंवा त्याहून वाईट काही करत. आणि लुकानियाच्या डोंगरात लांडग्यांशिवाय कुणी नव्हतं. हे या खाणावळीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

थंडीतला सॅटर्न देवाचा सण जवळ आला होता. मित्रांनो, हा आमच्याकडचा सर्वांत गमतीचा सण. त्या दिवशी मालक गुलामांना वाढतो. सगळे सारख्याच लोकरी टोप्या घालतात, अक्रोड पणाला लावून फासे खेळतात, आणि गुलाम मालकाच्या तोंडावर काहीही बोलला तरी त्याला शिक्षा नाही. फाशांवर एकाला सणाचा राजा ठरवतात आणि तो सांगेल ते सगळ्यांनी करायचं. साहजिकच त्या दिवशी सगळे पिऊन तर्र असतात. पळायला याहून बरा दिवस कुठला? बिथुसने तोच निवडला असणार, आम्मियाने ओळखलं.

सणाच्या दुपारी खाणावळीचं दार लावून घेतलं. फासे पडले आणि राजेपद नेमकं आम्मियाकडे आलं. फासे तिने टाकले की तिने वळवले, ते मी विस्तवावरून, धुरात नीट पाहू शकले नाही. हशा पिकला. पाक्युसने तिच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढवला, कमरेत वाकला आणि म्हणाला, ‘हुकूम करा, राणीसरकार. नाचू का?’

‘नको, भांडी फुटतील,’ आम्मिया म्हणाली. ‘सळई विस्तवावरून काढा. मांस कापा. सगळ्यांना सारखं.’

पाक्युसने रिवाजाप्रमाणे राणीला मोठा तुकडा वाढला. तिने तो परत केला. पुन्हा कापायला लावला. तिसऱ्यांदा कापला तेव्हा कुठे सगळ्यांचे तुकडे एकसारखे झाले. बिथुस दारापाशी उभा होता, ते चिंध्यांनी बांधलेले जोडे घालून.

‘तू बस,’ ती त्याला म्हणाली. ‘राणीचा हुकूम आहे. मालक, तुम्हीपण बसा. आज स्पार्टाकसची गोष्ट मी सांगणार, आणि मधे कुणी बोलायचं नाही.’

‘तुला गं काय ठाऊक?’ पाक्युस हसला.

‘मी होते तिथे. आपल्या पायांनी गेले होते.’

पाक्युसचं हसू जिथल्या तिथे राहिलं. फौजेतल्या उरल्यासुरल्यांना पकडून अजूनही मारत होते. बंडखोरांनी पळवून नेलेली स्वयंपाकीण समजून आजवर तिला सोडलं होतं, आणि आता तिने स्वतःचाच जीव पानावर वाढून ठेवला होता.

मग ती सांगत गेली, आणि मी पहिल्यांदाच माझी खरी हकिकत दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. आखाड्यातले लोक स्वयंपाकघरात घुसले, सुऱ्या-सळया उचलल्या, हे खरं. पण मला स्पार्टाकसने हात लावलाच नव्हता. मला गॉल मुलखातल्या एका माणसाने उचललं, एका रखवालदाराला ढोसलं, तेही दंडावर. पुढे रस्त्यात खऱ्या हत्यारांनी भरलेल्या गाड्या हाती लागल्या, तेव्हा त्याने मला चिखलात फेकून दिलं. उचललं ते आम्मियाने. फौज कुठेही गेली तरी खाणार काय, हा विचार तिच्याच डोक्यात आला होता.

स्पार्टाकस ताडासारखा नव्हता, ती म्हणाली. अंगाने दणकट होता, पण बाकी चारचौघांसारखा. बोकड वगैरे खायचा नाही, कारण एकट्याला बोकड मिळायचाच नाही. लूट आली की सगळ्यांचे वाटे सारखे, त्याचाही तेवढाच. सोनंचांदी घेऊन व्यापारी आले तर तळावर पाऊल ठेवू द्यायचा नाही. लोखंड आणा म्हणायचा. डोंगरावर कोंडले गेलो तेव्हा देव धावून आला नाही, रानवेलींचे दोर वळले आणि कड्यावरून उतरलो. ‘माझे तळहात सोलून निघाले होते,’ आम्मिया म्हणाली.

‘रोम जाळायला निघाला होता म्हणतात,’ कुणीतरी पुटपुटलं.

‘घरी जायला निघाला होता. आम्ही सगळेच. उत्तरेच्या डोंगरांपर्यंत पोचलो आणि मागे फिरलो. का फिरलो, मला माहीत नाही. मला माहीत आहे म्हणणारा थापा मारतो.’

पाक्युसने मान खाली घातली.

आता आम्मिया बिथुसकडे बघत होती. ‘तो मेला,’ ती म्हणाली. ‘माझा भाऊ त्याच्या शेजारी लढत होता. रक्ताने माखून तळावर आला, त्याने सांगितलं. स्पार्टाकसच्या मांडीत भाला घुसला, तो गुडघ्यावर आला, ढाल पुढे धरून तसाच लढत राहिला. मग त्याच्यावर इतकी माणसं पडली, की कोण कुठला, ओळखायला काही उरलं नाही. म्हणून प्रेत सापडलं नाही. डोंगरात कुणी नाही, पोरा.’

कुणीतरी विचारलं, भावाचं काय झालं? हजारो कैद्यांना याच रस्त्याच्या कडेने खांबांवर खिळून मारलं होतं. आम्मिया म्हणाली, ‘तो मला दिसला. कुठे ते सांगत नाही. रोज तिथूनच पाणी आणते.’

मांस गार झालं होतं. पाक्युस उठला, राणीचा पेला भरला आणि पुन्हा बसला.

दिवेलागणीला बिथुस चुलीपाशी आला. डोळे लाल होते. म्हणाला, ‘मावशी, मग जायला जागाच नाही का?’

‘जागा नाही म्हणाले नाही मी. वाट बघणारा कुणी नाही म्हणाले. कुणी घ्यायला येणार आहे असं समजून निघालास, तर पहिल्याच वळणावर सापडशील.’

त्याने गाठोडं सोडलं. वाळलेल्या भाकरी आम्मियाने रश्श्यात घालून सगळ्यांना वाढल्या.

दुसऱ्या दिवशी आम्मिया शिक्षेची वाट बघत होती. पाक्युस आला, घसा खाकरला आणि म्हणाला, ‘काल ती टोपी सारखी कानावर येत होती. मला कुणाचं काही ऐकू आलं नाही.’ त्या माणसाबद्दल मला मनापासून बरं वाटलं ते तेव्हाच. अर्थात दुपारी खेचरवाले आले तेव्हा स्पार्टाकस पुन्हा ताडाएवढा होता. फक्त बोकडापाशी येऊन पाक्युस अडखळला.

पुढच्या वर्षी द्राक्षं खुडायच्या दिवसांत बिथुस गेला. त्या दिवसांत रस्त्यावर मजुरांची इतकी झुंड असते, की पाठीवर टोपली घेतलेल्या आणखी एकाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. घाई नाही, रात्र नाही, गाठोडं नाही. पाक्युसने दवंडी पिटली, बक्षीस लावलं. बिथुसला कुणी परत आणलं नाही.

आता आम्मिया नाही, पाक्युसही नाही. त्याच्या जावयाला मला चांदीचा मुलामा देऊन दारावर टांगायचं आहे. खेचरवाले सांगतात, बिथुसला न्यायला स्वतः स्पार्टाकस पांढऱ्या घोड्यावरून आला होता. ऐकून मला वाईट वाटतं. एका माणसाने जिवावर उदार होऊन जे केलं, ते या लोकांनी घोड्याच्या नावावर टाकलं.

मित्रांनो, मुलाम्याखाली लोखंड गंजतं आणि कुणाला कळतही नाही. म्हणून माझं एवढं ऐका. मला राख लावा, तेल लावा, विस्तवावर ठेवा, आणि जे भाजाल ते सारखं वाटा. बिथुसचं पुढे काय झालं, तो घरी पोचला की नाही, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या सकाळी त्याने मला राखेने घासलं, तेलाचं बोट फिरवलं, खुंटीला टांगलं आणि टोपली उचलून तो समोरच्या दाराने बाहेर पडला.