सातवी ओळ

बाराव्यांदा टेप मागे घेतली, तरी शब्द तोच होता. ‘डावी.’

टंकलेखिकेने हेडफोन गळ्यात उतरवले आणि कान चोळले. विमानतळाच्या अपघात-चौकशी कार्यालयात अकरा वर्षं ती हेच करत आली होती. टॉवर आणि वैमानिक यांच्यातलं बोलणं ऐकायचं, शब्दाला शब्द टाइप करायचं. ऑफिसात सगळे तिला ‘कानवाल्या बाई’ म्हणत.

प्रकरण तसं सरळ होतं. विमानतळावर शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या. डावीवर एकशे चौऱ्याहत्तर प्रवाशांचं विमान उतरत होतं. त्याच वेळी मोजणीसाठी जमिनीचे फोटो काढणारं एक छोटं विमान परतलं. टॉवरमधल्या कंट्रोलरने त्याला उजवी पट्टी दिली. मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची आणि कंट्रोलरने ती चुकली तर सुधारायची असते. छोट्या विमानाचा वैमानिक, ऑफिसच्या भाषेत ‘फोटोवाला’, म्हणाला, ‘डावी पट्टी, उतरतो.’ आणि कंट्रोलर म्हणाला, ‘बरोबर.’ छोटं विमान थेट मोठ्याच्या वाटेत शिरलं. मोठ्या विमानाच्या वैमानिकाला ते ऐनवेळी दिसलं आणि त्याने विमान वर खेचलं. दोघांत साठ मीटर अंतर राहिलं. ‘एक चक्कर मारून उतरतोय,’ एवढंच प्रवाशांना सांगण्यात आलं. बऱ्याच जणांची झोपही मोडली नाही.

कंट्रोलरला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी ढगांत वाट चुकलेल्या एका नवशिक्या मुलीला त्याने चाळीस मिनिटं बोलत बोलत खाली आणलं होतं. ‘घाई नाही पोरी, पट्टी कुठे पळून जात नाही,’ हे वाक्य टाइप करताना टंकलेखिकेचे डोळे भरून आले होते. आता त्याच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

तिने सातव्या ओळीत ‘डावी’ खोडलं आणि लिहिलं, ‘अस्पष्ट’.

शब्द नीट ऐकूच आला नाही म्हटल्यावर कंट्रोलर थोडक्यात सुटला असता, आणि सगळं फोटोवाल्याच्या माथी बसलं असतं. हे तिला कळत होतं. कळूनच तिने लिहिलं.

घरी जेवताना तिच्या ताटातली पोळी तशीच पाहून नवऱ्याने विचारलं, “पोट बिघडलंय का?”

“कान दुखतोय.”

“डॉक्टरकडे जाऊ या?”

“एवढा नाही दुखत.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कंट्रोलर सही करायला आला. टेप ऐकायची, कागदाशी ताडून पाहायची आणि खाली सही करायची, असा नियम होता. आवाजावरून तिने उंचापुरा माणूस गृहीत धरला होता. हा बुटका निघाला. जाड भिंगांचा चष्मा, खिशाला शाईचा डाग. त्याने टेप एकदाच ऐकली, हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली आणि कागदावर बोट टेकवलं.

“बाई, इथे अस्पष्ट लिहिलंय.”

“हो. खरखर होती.”

“खरखर नाहीये. डावीच म्हणाला तो.”

त्याचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं.

“आणि मी बरोबर म्हणालो.”

“तुम्ही नुसती सही करून मोकळं व्हायचंत,” ती हळूच म्हणाली. “कुणी पुन्हा ऐकणार नव्हतं.”

“फोटोवाला तीन आठवडे घरी बसलाय. काल भेटलो त्याला. मला म्हणतो, ‘साहेब, मी नक्की काय म्हणालो हो? मला आठवतच नाही.’” कंट्रोलरने चष्मा काढून डोळे दाबले. “मी काय सांगणार त्याला?”

“मी तुमचा आवाज आधीही टाइप केलाय. त्या मुलीच्या वेळी.”

“मग मी किती भराभर बोलतो ते ठाऊक असेल तुम्हाला. बोटं दुखली असतील.” तो जरासा हसला. मग म्हणाला, “लोक विचारतात, त्या दिवशी घरी काही झालं होतं का, झोप नव्हती का. काही नव्हतं हो. झोप झाली होती, डबा खाल्ला होता. उजवी ऐकायची म्हणून बसलो होतो, उजवीच ऐकली. नुसतं चुकलं.”

तिने पान नव्याने टाइप केलं. तो समोर बसून राहिला. सही करताना त्याने तारीख विचारली आणि तिने सांगितल्यावर ती आकड्यात न घालता अक्षरी लिहिली.

निकाल महिन्याभराने लागला. फोटोवाल्याला ताकीद मिळाली आणि तो पुन्हा उडू लागला. कंट्रोलरला टॉवरवरून काढून तळमजल्यावर जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं.

एक दिवस टंकलेखिकेला तिकडे एक फाइल पोचवायची होती. शिपायाला न पाठवता ती स्वतः गेली. खोलीला खिडकी नव्हती. वर विमानं उतरत होती, पण इथे फक्त पंख्याची घरघर होती. तिला पाहून तो उठला. खोलीत एकच खुर्ची होती, त्याची. त्याने खिशातून रुमाल काढला, खुर्ची नीट पुसली आणि तिच्याकडे सरकवली.

“बसा,” तो म्हणाला, आणि स्वतः नकाशांच्या कपाटाला टेकून उभा राहिला.