फुकटचा निरोप

"माझ्या बायकोला काय झालंय, ते मला केसांचे टोप विकणाऱ्याकडून कळतंय, सिस्टर ओलीटा!"

ओडेल रॅस्निकने बायकोचा फोन चर्चच्या ऑफिसातल्या टेबलावर आपटला आणि धापा टाकत खुर्चीत बसला. बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत घालवलेल्या माणसाची छाती चार पायऱ्या चढल्यावर अशीच भात्यासारखी चालते. चर्चचं ऑफिस सांभाळणाऱ्या ओलीटा स्टर्जिलने चष्मा सारखा केला आणि वाचलं. "ग्लेना, स्तनाच्या कॅन्सरमध्ये केस गेले तरी रुबाब का जावा? टोपांवर चाळीस टक्के सूट!" त्याखाली दुसरा निरोप होता, अंत्यसंस्काराच्या विम्याचा.

"गुरुवारी गाठीचा तुकडा काढून तपासणार आहेत म्हणे," ओडेल म्हणाला. "अजून कशाचा काही पत्ता नाही, आणि हे मेले टोप विकायला बसले. तिने हे एकाच माणसाला सांगितलं होतं. तुला."

ते खरं होतं. व्हर्जिनियाच्या त्या खोऱ्यात बुधवारच्या प्रार्थनेला ज्याला आपलं दुःख बोलून दाखवायचं नसतं, तो नुसता हात वर करून म्हणतो, "न सांगितलेली." म्हणजे विनंती आहे, पण विचारू नका. कोणी विचारत नाही. सगळे मिळून प्रार्थना करतात. ग्लेनाने तेवढंच मागितलं होतं, आणि ओलीटाने त्रेचाळीस फोनांवर तेवढंच धाडलं होतं: "ग्लेना रॅस्निक. न सांगितलेली."

चूक झाली ती पुढच्या निरोपात. गुरुवारी नऊ वाजता चर्चचे प्रीचर ब्रदर डेन्व्हर ग्लेनाजवळ असावेत म्हणून ओलीटाने एकट्या त्यांनाच खरं काय ते लिहिलं. ब्रदर डेन्व्हर ईमेल महिन्यातून एकदा उघडणार, म्हणून तेही नेहमीच्याच वाटेने पाठवलं. ती वाट म्हणजे एक फुकटची वेबसाइट. आपण ईमेल लिहायचं, ते समोरच्याच्या फोनवर मेसेज होऊन पडायचं. फुकटचं ते पौष्टिक. प्रत्येक मेसेजच्या शेपटीला एक जाहिरात असायची. म्हाताऱ्या होबार्टच्या दफनाची वेळ कळवली, तेव्हा खाली "टायर घासले? आम्ही आहोत!" असं आलं होतं, आणि सारं खोरं आठवडाभर हसलं होतं. आपण लिहिलेलं तो टायरवालाही वाचत असेल का, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. ओलीटाच्याही नाही.

ओडेल गेल्यावर तिने त्या वेबसाइटच्या अटी पहिल्यांदा वाचल्या. मुंगीएवढी अक्षरं होती. वाचता वाचता जेवणाची वेळ झाली. चौदाव्या कलमात लिहिलं होतं की निरोपांतला मजकूर आणि फोन नंबरांची यादी कंपनी आपल्या "सहयोग्यांना" देऊ शकते. तीन वर्षांपूर्वी तिनेच तिथे "मान्य" दाबलं होतं. त्रेचाळीस माणसांच्या वतीने, एकालाही न विचारता. तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने खातं बंद केलं. "नक्की ना?" असं त्या यंत्राने तीनदा विचारलं आणि तिने तिन्ही वेळा बोट जोरात दाबलं.

"दुसरी एखादी फुकटची साइट बघू या की," ब्रदर डेन्व्हर म्हणाले. ते तरुण होते, आणि कुणावर रागावणं त्यांना जमत नसे.

"नको. आता पूर्वीसारखे फोन. एकाने दुसऱ्याला करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला."

"उत्तम. मग पहिला फोन तुमचा, नेहमीसारखा."

ओलीटाचं घोडं तिथेच तर पेंड खात होतं. तिला फोनवर ऐकू येत नव्हतं. डावा कान कधीच गेला होता, उजवा निम्मा राहिला होता. समोरच्याचे ओठ बघून ती निभावून न्यायची, पण फोनला कुठले ओठ? त्या खोऱ्यात माणूस मेला असं कोणी म्हणत नाही, "घरी गेला" म्हणतात. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी फोनवर म्हणालं, "हर्शेल हॉस्पिटलातून घरी गेला." तिला "हर्शेल" आणि "घरी गेला" एवढंच ऐकू आलं, आणि तिने तेच सगळीकडे कळवलं. संध्याकाळपर्यंत शेजारणी सात घरांतून जेवणाची भांडी घेऊन शोक करायला हजर, आणि दार उघडलं स्वतः हर्शेलने! लोक हसले. तीही हसली, पण आतून घाबरली. फोन न ऐकू येणाऱ्या बाईला ऑफिसात कोण ठेवील? पुढच्याच आठवड्यात तिने ती वेबसाइट शोधून काढली होती, आणि लोक म्हणाले होते, या वयातही आमची ओलीटा किती पुढारलेली!

ब्रदर डेन्व्हरना "बुधवारी सांगते" म्हणून ती तडक शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. ग्लेना तिथे मुलांचं जेवण रांधायची. डोक्याला जाळी बांधून ती मक्याच्या पावाच्या वड्या कापत होती. ओलीटाला बघताच तिने पाठ फिरवली आणि काहीतरी बोलली. ओलीटाला फक्त तिचे खांदे हलताना दिसले. एरवी अशा वेळी ती "हो, हो" म्हणून मान डोलवायची.

"ग्लेना, मला ऐकू आलं नाही. मला ऐकूच येत नाही. वळ, आणि माझ्या तोंडावर बोल."

ग्लेना वळली. "म्हटलं, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मी कुठल्याही माणसाला सांगितलं नाही गं. प्रीचरला लिहिलं, ते त्या मशीनमधून."

"मशीनला सांगितलंस ते सांगणं नाही वाटतं?" ग्लेनाने सुरी खाली ठेवली. "काही निघालं नसतं, तर ओडेलला कधीच कळू दिलं नसतं मी. आता तो रात्रभर बसून माझ्याकडे बघतो. माझा नंबर काढ त्यातून."

"सगळ्यांचेच काढले."

"आणि जे बाहेर गेलंय, ते परत आणशील?"

"नाही," ओलीटा म्हणाली. "ते नाही आणता येत."

ग्लेनाने पुन्हा सुरी उचलली.

बुधवारच्या प्रार्थनेला ग्लेना आली नाही. ओडेल मागच्या बाकावर एकटाच बसला होता. विनंत्या सुरू झाल्या तशी ओलीटा उठली.

"मी तुमचे त्रेचाळीस नंबर आणि तुमची दुःखं परक्यांच्या हाती दिली. कारण मला फोनवर ऐकू येत नाही, आणि ते तुम्हाला कळू नये असं मला वाटत होतं. आता नाही नाही त्या जाहिराती येतील. कुणी उत्तर देऊ नका. 'थांबवा' असंसुद्धा लिहू नका. या नंबरावर माणूस आहे, एवढंच त्यांना कळायला हवं असतं." तिने ऑफिसची किल्ली पुढच्या बाकावर ठेवली. "ही किल्ली. पाहिजे तर घ्या."

मग मागून हर्शेल छप्पर हलेल अशा आवाजात ओरडला, "ओलीटा! मी अजून घरी गेलेलो नाही, बरं का! हे तरी आलं का ऐकू?"

सगळे हसले. ब्रदर डेन्व्हरनी किल्ली उचलून तिच्या हातात परत दिली. पण फळ्यावर फोनांची नवी साखळी मांडताना कुणाचाच इलाज चालला नाही. साखळीत प्रत्येकाने एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याला सांगायचं असतं. सव्वीस वर्षं सगळ्यात वर असलेलं नाव या यादीत कुठेच बसेना. घरोघरी द्यायच्या प्रती ओलीटानेच काढल्या, आपल्या वळणदार अक्षरात. त्रेचाळीस नावं, आपलं सोडून.

गुरुवारी नऊला ती हॉस्पिटलात पोचली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ब्रदर डेन्व्हर डोळे मिटून पुटपुटत होते, ओडेल प्राणवायूची नळी नाकाला लावून बसला होता. ग्लेना तिच्याशी एक शब्द बोलली नाही. नर्स आली आणि म्हणाली, अंगठी, फोन, सगळं बाहेर ठेवा. ग्लेनाने अंगठी काढून ओडेलला दिली. फोनसाठीही त्याने हात पुढे केला.

"तू वाचत बसशील," ग्लेना त्याला म्हणाली आणि तिने फोन ओलीटाच्या हातात ठेवला. मग ती नर्सच्या मागून आत गेली.

थोड्या वेळाने फोन थरथरला. ओलीटाने तो मांडीवर पालथा घातला आणि त्यावर दोन्ही तळवे ठेवले.

"कुणाचा आहे?" ओडेलने वाकून विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दार उघडेपर्यंत तो आणखी चार वेळा थरथरला. तिने हात उचलले नाहीत.