चार सीटा, नऊ मुक्काम

आमच्या संपतकाकाला ‘ॲडजस्ट’ हा शब्द ज्याने शिकवला, त्या माणसाला मला एकदा गाठायचंय.

गोष्ट २००४ च्या जानेवारीतली. मी नववीत होते. दिवाळीनंतर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल आणली होती, त्यामुळे आपण कुणालाही काहीही समजावून सांगू शकतो असं मला वाटायला लागलं होतं. म्हणून तर आजोबांनी प्लॅन माझ्याकडे सोपवला.

आजोबांचे दोस्त पीरमहंमदचाचा जुन्नरला राहतात. त्यांनी आयुष्यभर कांद्याचा ट्रक चालवला, आळेफाट्यावरून थेट मदुराईपर्यंत. राजुरीला आमच्या ओट्यावर बसून ते सांगायचे, पार खाली कन्याकुमारीला तीन बाजूंनी पाणी आहे आणि पुढं जमीनच नाही. माझी आजी, बयाबाई, भाकरी थापता थापता हात थांबवायची.

“जमीन संपतीच? मंग तिथं बांध कुणाचा?”

चाचांची बायको ताहेराचाची. तिनंही तो रस्ता नुसता ऐकलेला. शेवटी या दोघींनीच ठरवलं, आपण जायचं. चौघांनी. चाचांची जीप, चालवणार चाचाच, कुठली यात्रा कंपनी नाही की कुणी म्होरक्या नाही.

मी शंभर पानी वही भरून काढली. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर नाही, कारण आजीचे गुडघे. दर दीड तासाला थांबा, कारण आजोबांची साखर. जाताना नऊ मुक्काम. एसटीडी बूथवरून हुबळीपर्यंतच्या लॉजांना मी स्वतः फोन लावले, तळमजल्याची खोली आहे का, संडास खुर्चीचा आहे का. एकाने विचारलं, “मॅडम, आपण कुठल्या ऑफिसातून बोलताय?” मी म्हटलं, “राजुरी.” जिथं खुर्चीचा संडास नव्हता, तिथल्यासाठी चाचांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून आणलं. आजोबा त्या खुर्चीकडे बघून तासभर हसत होते. मी जाणार नव्हते, माझी शाळा होती. तरी कितवा मुक्काम कुठला हे मला तोंडपाठ होतं.

निघायच्या आधीच्या रविवारी संपतकाका पिंपरीहून आला. तो पप्पांचा धाकटा भाऊ. कंपनीत सुपरवायझर आहे, म्हणून घरातही सुपरवायझर. चाचाही त्या दिवशी आलेले होते, बशीत चहा ओतून घेत होते.

“दोनशे किलोमीटर?” वही चाळत काका हसला. “अगं, बैलगाडीनं चाललेत का? दोन दिवसांत उतरू आपण खाली.”

“आपण कोण?” मी विचारलं.

आपण म्हणजे काका, काकू, त्यांची दोन पोरं, काकाचा साडू आणि साडूची बायको. काकाला आठवड्याची रजा होती. गाडी चाललीच आहे तर रिकामी कशाला न्यायची!

“जीपमधी दहा जण आरामात बसत्यात, राव. थोडं ॲडजस्ट करायचं.”

मग ॲडजस्ट सुरू झालं. पहिली गेली खुर्ची. “लोकं हसतील.” मग तळमजल्याच्या खोल्या. “धर्मशाळेत पडू.” मग दर दीड तासाचा थांबा. मग काका प्रेमानं म्हणाला, “आई, तुझ्यानं एवढा वेळ पाय दुमडून बसवंल का? आन आप्पांना तिकडं काय झालं तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं? तुमाला आमी नंतर बालाजीला नेऊ, निवांत.” आणि शेवटी, चाचांच्या समोर, “चाची तर काय देवळात यायच्या न्हाईत. उगं गाडीत बसून काय करतील? चाचा मात्र पायजेत बरं का! असा फुकटचा ड्रायव्हर कुठं मिळायचा?”

आणि तो हसला. चाचांनी बशी खाली ठेवली.

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, “बघू. संपत म्हणतोय त्यात बी पॉइंट हाय.” आजोबा चपलेचा अंगठा चाचपत बसले. आणि आजी, जिनं महिनाभर माझ्याकडून मुक्कामांची नावं पाठ करून घेतली होती, ती म्हणाली, “जाऊ दे. पोरांची हौस हाय. आमचं काय, मागं-पुढं कवाबी.”

“जाऊ दे काय?” मी ओरडले. “काका, हा त्यांचा प्लॅन आहे! तुझा नाही!”

“बरं बाई, तुला बी घेतो. मग तर झालं?”

खोटं कशाला सांगू, एक क्षण मला तो समुद्र दिसला. त्याचाच मला जास्त राग आला. ढाल मिळवणारं माझं तोंड, आणि त्यातून एवढंच निघालं, “तू चोर आहेस!”

“हर्षाली!” पप्पा उठले. “काकाची माफी माग.”

“नाही मागणार.”

“भरत, पोरीला बोलू नको,” चाचा म्हणाले आणि आजोबांकडे वळले. “चांगूभाऊ, मी तुमच्यासंगं फिरायला चाललो व्हतो. ड्रायव्हरकी सोडून मला सात वर्षं झाली.” त्यांनी चावी खिशात टाकली आणि जीप काढून निघून गेले.

“मस्करी बी कळत न्हाई लोकांना,” काका म्हणाला आणि जेवायला बसला. मटण होतं त्या दिवशी. त्याच्या घशाखाली उतरलं तरी कसं!

आजी मागच्या मोरीत पातेली घासत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“तू का म्हणालीस जाऊ दे?”

“घरात कशाला वाद, बाळा.”

“तू तुझी सीट सोडलीस, तुझी मर्जी. पण चाचीची सीट तू कुणाला विचारून सोडलीस?”

आजीचा हात थांबला. वाटलं, आता मला एक ठेवून देणार. पण ती उठली, हात धुतले, ओल्या हातांनीच पदर खोचला आणि आत गेली.

“संपत, जेव पोटभर आन पिंपरीला जा. गाडीत तू न्हाईस, तुझा साडू न्हाई. आन त्या माणसाला परत ड्रायव्हर म्हनलास तर ह्या घरी यिऊ नगंस.”

काकाच्या हातातला घास तसाच. आजोबा पहिल्यांदाच बोलले, “बया, हळू...” पण ती थांबते कुठं.

“हर्षे, चप्पल घाल. जुन्नरची येष्टी कितीची हाय?”

जुन्नरला चाचीनं दार उघडलं. “या वैनी,” म्हणाली, पण हसली नाही. पलंगावर उघडी बॅग, कपडे परत घड्या घालून बाहेर काढलेले. तिनं पाणी दिलं आणि आमच्याकडे पाठ करून उरलेले कपडे काढायला लागली.

“मी गप बसले,” आजी म्हणाली. “ते माझं चुकलं.”

“मी देवळाच्या बाहेर बसले असते, वैनी. चपला सांभाळल्या असत्या. त्याला काय होतं? पण मला विचारायचं तरी.”

“जाऊ दे गं आता...” चाचा कोपऱ्यातून म्हणाले.

“तुमी गप बसा!” चाची आणि आजी एकदम म्हणाल्या. मीही म्हणाले, पण हळू.

मग चाचीनं एक साडी उचलली, झटकली, बॅगेत ठेवली.

“येते. पर पुढच्या सीटवर मी बसणार. बावीस वर्षं ह्यांच्या शेजारी क्लीनर बसला.”

पुढची सीट मी आजोबांना दिली होती, पाय लांब करायला. वहीत तसं ठळक लिहिलेलं होतं.

“आता त्यांना सांगायचं कुणी?” आजी म्हणाली.

“मी सांगते,” मी म्हटलं.