पोकळ जोड

"कुणी ऐकतंय का? इंजिन बंद पडलंय. कुणी नसेल तर आम्ही होडी टाकून निघतो. मिनार दिसतोय, पोहून गाठू."

लॅपटॉपमधून नवऱ्याचा, लस्सादचा आवाज शेजारी बसल्यासारखा येत होता. रौदाचा मात्र त्याच्यापर्यंत जाईना.

"नाही! होडी सोडू नका! बंदरातून बोट निघालीये!" ती बटण दाबून ओरडत होती. करकेन्ना बेटावरच्या पोरांना किनाऱ्यावरच्या मशिदीचा मिनार नेहमी जवळच वाटतो, आणि ओहोटीची ओढ नेमकी उलटी असते. धुळीच्या वाऱ्याने बेटाची वीज गेली होती, बंदरावरचा रेडिओ मुका झाला होता. उरली होती लॅपटॉपच्या बॅटरीवर चालणारी रौदाची ही तळहाताएवढी रेडिओपेटी, कॉलेजात असताना जहाजांची बोलणी ऐकायला घेतलेली.

"म्हटलं होतं ना, त्यापेक्षा शिवणयंत्र घे," सासू मबरूका नातवाला कडेवर हलवत म्हणाली. "निदान लंगोट तरी शिवले असतेस."

"आई, आत्ता नको."

"मग कधी? लस्साद, मुन्सिफ, माझी दोन्ही पोरं बुडाल्यावर?"

रौदाने ताकद शेवटपर्यंत वाढवली. पडद्यावर, पेटीने परत ऐकलेल्या तिच्या आवाजाची रेघ ताठ उभी होती. मग अडतंय कुठे? पेटीला दोन भोकं, एक ऐकायचं, एक बोलायचं, दोन्हींतून गच्चीवरच्या अँटेनापर्यंत वायर गेलेली. तिने बोलायची वायर उपसूनच काढली.

पुन्हा बोलून पाहिलं. रेघ खाली यायला हवी होती, ती तेवढीच राहिली.

म्हणजे वायर असून नसल्यासारखीच! तिने टोक उजेडात धरलं. जुनं तुटलं म्हणून वायफायच्या डब्याचं लावलं होतं. आटे घट्ट बसले होते, पण मधली सुईच नव्हती. पेटीत भोक, वायरीतही भोक. पोकळ पोकळाला चिकटून बसलं होतं.

सुईची वायर एकच, ऐकायची. ती काढली की लस्सादचा आवाज बंद.

तिने काढली. खोली एकदम सुनी झाली. वायर बोलायच्या भोकात पिळून ती म्हणाली, "लस्साद, मी रौदा. होडीतच थांबा. बोट येतेय." तेच पुन्हा म्हणाली, आणि घाईघाईने वायर परत फिरवली.

"...रौदा! ऐकू आलं गं! पण मुन्सिफने उडी मारलीये. हाका मारतोय, वळतच नाही. माझं मेलं कोण ऐकतंय!"

मबरूकाने लेकरू रौदाच्या मांडीत टाकलं. "लाव ती वायर. त्याला म्हणावं, रेडिओ पाण्याकडे धर."

रौदाने सांगितलं, आणि बटण दाबून धरलं.

"मुन्सिफ! गाढवा, मागे फिर! तुझी आई बोलतेय. तो तुझा बाप बसलाय का मिनारावर? फिर रे माझ्या राजा, फिर..." शिव्या संपल्या, आवाज फाटला, तरी ती थांबेना. रौदाला तिचा हात दाबून गप्प करावं लागलं.

वायर फिरली. खरखर. मग लस्साद, धापा टाकत:

"आई, बोलत राहा. त्याने मान वळवलीये."