मोठ्या इंजिनाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे, मागे लांब डिकी असलेली. माझी पहिली वर्षे पुण्यात, गुळगुळीत रस्त्यांवर गेली. दर रविवारी मला धुऊन पुसत. पुढे त्या घरी नवी गाडी आली आणि डोंगरातल्या मढ गावच्या सावळेरामने मला विकत घेतले.

सावळेरामची बायको प्रतिभा गावची आशाताई, म्हणजे आरोग्याचे काम पाहणारी. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायकांना बाळंतपणासाठी ती माझ्यातूनच ओतूरच्या दवाखान्यात नेई. स्टिअरिंगवर तीच असे. या कामाचा मला फार अभिमान वाटे.

पण मागच्या थंडीत विपरीत घडले. मागच्या सीटवर साळुबाई कळांनी विव्हळत होती. सोबत सासू, नवरा, नणंद. वाडीबाहेरच्या खड्या चढावर माझा दम संपला. इंजिन बंद पडले आणि मी मागे सरकू लागले. मागे वळणाखाली दरी होती! प्रतिभाने हँडब्रेक ओढला, नवऱ्याने उडी मारून चाकाला दगड लावला. मागून आलेल्या पिकअपने साळुबाईला नेले. दवाखान्याच्या दारातच तिला मुलगी झाली. दोघी वाचल्या, पण तेव्हापासून चढ दिसला की माझा थरकाप होतो.

"हिला मोठं इंजिन टाकू," सावळेराम म्हणाला. "बेल्ह्याच्या रामनाथनं असल्याच एका गाडीला टाकलंय. लई पळती म्हणं."

रामनाथच्या गॅरेजात माझे बॉनेट उघडले. शेजारी एक काळे, अवजड इंजिन साखळीला टांगलेले होते. ते पाहून मी गारठले. माझ्या स्प्रिंगा त्याचे वजन पेलतील का? माझे ब्रेक त्याला आवरतील का? मला काहीच विचारता येत नव्हते.

"आधी मोठं इंजिन टाकलेली ती दारातली गाडी मी चालवून बघते," प्रतिभा म्हणाली. सावळेरामला शेजारी बसवून ती आणे घाटाकडे गेली. मी उघड्या बॉनेटने वाट पाहत राहिले.

परत येताच तिने किल्ली रामनाथच्या हातात ठेवली.

"चढाला झकास हाय. पण उतारावर बिरेक दाबला तर थांबंना. म्होरं गुरांचा टेम्पो व्हता. थोडक्यात वाचलो."

"बिरेक बी मोठे बसवू की," सावळेराम पुटपुटला.

"बसवू," रामनाथ म्हणाला. "मग स्प्रिंगा, मग गिअर. समदंच बदलाया लागंल, भाऊ. आरटीओची परवानगी येगळीच."

प्रतिभा नवऱ्याकडे वळली. "अवो, चढावर अडलो तर दगड लावता येतो. उतारावर सुटलो तर काय लावायचं? माझ्या मागं दोन जीव असत्यात."

सावळेरामने साखळीला टांगलेल्या इंजिनाकडे एकदा पाहिले. मग तो म्हणाला, "रामनाथ, ऱ्हाऊ दे ते. हिचंच इंजिन खोल."

माझे इंजिन उघडले. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा बदलल्या, क्लच नवा बसला. कितीतरी वर्षांत कुणी माझ्या आत डोकावलेच नव्हते! आता प्रतिभा गरोदर बाईसोबत एकालाच बसवते आणि घरून लवकर निघते. माझी भीती मात्र गेलेली नाही. चढाच्या पायथ्याशी प्रतिभाही क्षणभर थांबते, पहिला गिअर टाकते आणि म्हणते, "चल बाई, दमानं."

मित्रांनो, तुमच्या घरची जुनी गाडी धापा टाकू लागली, तर तिच्यात काय मोठे बसवावे हे नंतर ठरवा. आधी तिचे इंजिन एकदा उघडून बघा, आणि तिच्यावरचे ओझे थोडे उतरवा.